दृश्यचित्र आणि कात्री

एखाद्या निसर्गदृश्याचें छायाचित्र पाहून 'जागा फार सुंदर असली पाहिजे' असें आपण म्हणतों, तेव्हां नकळत त्या चित्राची निंदाच करीत असतों. जागेचें सौंदर्य चित्रांत उतरलें नाहीं, तें आपणांस कल्पनेनें भरून काढावें लागलें, असा त्याचा अर्थ होतो. मनुष्याचा डोळा पाहतां पाहतां निवड करतो; शिखराकडे लक्ष लागलेल्यास पायाशीं असलेलें तारेचें कुंपण दिसत नाहीं. कॅमेऱ्यास मात्र शिखर आणि कुंपण सारखेंच. म्हणून मागाहून चित्राच्या कडा छाटून तें सुधारण्याचा प्रघात पडला. हा प्रघात कलेचा भाग मानावा, कीं आळशी माणसाची पळवाट, हा प्रश्न जुना आहे. आणि आज बोटाच्या एका हालचालीनें चित्र छाटतां येत असल्यामुळें तो घरोघरीं पोहोंचला आहे.

छाटणीचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. १८९३ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळांत तीन तास उभा राहून त्यानें समोरून येणाऱ्या घोडागाडीचें चित्र घेतलें. निगेटिव्हचा बराच भाग सोडून देऊन त्यानें त्याचें उभें चित्र केलें. भोंवतालचा पसारा गेला. उरलें तें बर्फ, वारा आणि त्यांतून वाट काढणारी गाडी. आपण निगेटिव्ह सबंध क्वचितच वापरतों, असें त्यानें १८९७ सालीं मोकळेपणें लिहिलें.

उलट पक्ष फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ याचा. मांडणी बटण दाबतांनाच पुरी झाली पाहिजे, मागाहून छाटल्यास तिचा तोल नष्ट होतो, असें त्यानें १९५२ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. गंमत ही कीं, पॅरिसमधील सां-लाझार स्टेशनामागें १९३२ सालीं घेतलेलें त्याचें अतिप्रसिद्ध चित्र छाटलेलेंच आहे. फळ्यांच्या फटींतून तें घ्यावें लागल्यानें कडेला कुंपण आलें होतें.

आमच्या मतें या दोघांत दिसतो तितका विरोध नाहीं. स्टीग्लिट्झ आधीं पाहण्याचा कंटाळा करून मागाहून छाटीत नव्हता. तीन तासांची प्रतीक्षा हीच त्याची खरी निवड, कात्रीनें ती केवळ पुरी केली. छाटणीनें मधोमध आलेलें क्षितिज वर किंवा खालीं सरकवितां येतें, रिकामें आकाश कमी करतां येतें, कडेला नजर ओढून नेणारा पांढरा डाग काढतां येतो. परंतु झाड टेकडीच्या आड आलें असेल, तर कितीही छाटलें तरी तें बाजूस होणार नाहीं. तें आपण कोठें उभे होतों यावर ठरलेलें असतें. सपाट दुपार छाटून तिची संध्याकाळही होत नाहीं. कात्री वगळूं शकते, नवें कांहीं देऊं शकत नाहीं.

वगळण्यासही मर्यादा आहे. १९४४ सालीं अँसेल ॲडम्स यानें कॅलिफोर्नियांतील लोन पाइन गांवाहून सिएरा नेवाडा पर्वताचें हिवाळी सूर्योदयाचें चित्र घेतलें. वर उजळलेलीं हिमशिखरें, मध्यें काळ्या टेकड्या, खालीं उन्हाच्या पट्ट्यांत एक घोडा. त्यांपैकीं एका टेकडीवर शाळकरी मुलांनीं पांढऱ्या दगडांनीं एल आणि पी हीं प्रचंड अक्षरें काढलीं होतीं. कात्री चालवावी तर टेकडीच तुटावयाची; म्हणून ॲडम्सनें तीं अक्षरें पुसून टाकलीं, आणि तसें उघड सांगितलें. या दोन कृतींत आम्हांस मोठा भेद वाटतो. छाटणारा म्हणतो, 'मी एवढेंच दाखवितों'. पुसणारा म्हणतो, 'येथें कांहीं नव्हतेंच'. तथापि छाटणाराही निर्दोष असतोच असें नाहीं. कडेची गिरणी छाटून उरलेल्या झाडांस अरण्य म्हणून मिरविणें, हें कात्रीनें बोललेलें असत्यच होय.

शिवाय छाटणीला किंमत पडते. लांबी व रुंदी दोन्ही निम्म्या केल्या, कीं चित्राचा चौथा हिस्सा उरतो. चोवीस मेगापिक्सेलचे सहाच राहतात, आणि मोठ्या प्रतींत तें उणेपण उघडें पडतें. म्हणून आमची सूचना जुन्या पद्धतीचीच आहे. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे घेऊन छापील प्रतीवर त्यांची लहानमोठी चौकट करून पाहावी, आणि प्रत्येक वेळीं स्वतःस विचारावें, 'त्या ठिकाणीं आपण थांबलों तें कशासाठीं?' या प्रश्नाचें उत्तर मिळालें, तर कोठें छाटावें हें निराळें शिकवावें लागत नाहीं. न मिळालें, तर कात्री खालीं ठेवून पुन्हां त्या जागीं जावें, हें बरें.