बाबांनी शेजारी बसावं का? एका जुन्या पेपरचं वाचन

गेल्या महिन्यात मेडशीहून बाबांचा फोन आला. धाकटा भाऊ बारावीत आहे, तबला वाजवतो. त्याला पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात संगीताच्या पदवीला जायचंय. तिथं नुसत्या बारावीच्या मार्कांवर भागत नाही, परीक्षकांसमोर बसून वाजवून दाखवावं लागतं. बाबांचा प्रश्न सरळ होता.

"पाह्य, तू एवढी शिकली. मंग मले एक सांग. तो रियाजाले बसला का म्या त्याच्याजवळ बसू का नोको? बसलो तं चिडते, नाही बसलो तं मोबाईल पाहते."

मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. माझा विषय शेतजमिनीतली गांडुळं. पण घरच्यांच्या दृष्टीने पीएच.डी. म्हणजे सगळ्याचं उत्तर देणारं माणूस. "माहीत नाही" म्हणायची लाज वाटली म्हणून "वाचून सांगते" म्हणाले. वाचता वाचता एक असा पेपर हाती लागला, की तो तुमच्यासमोर उलगडून ठेवावासा वाटला. तुमच्यातले बरेच जण पेट देताय, प्रपोजल लिहिताय. दुसऱ्याच्या पेपरवर बोट कुठे ठेवायचं, आणि कुठे उगाच ठेवायचं नाही, हे शिकायला हा पेपर फार चांगला आहे.

पेपर काय आहे

१९९६ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी' या नियतकालिकात जेन डेव्हिडसन, मायकल हाव, डेरेक मूर आणि जॉन स्लोबोडा यांनी हा अभ्यास छापला. विषय: मुलांच्या वादनाच्या प्रगतीत आईवडिलांचा वाटा. इंग्लंडमधली ८ ते १८ वयाची २५७ मुलं आणि त्यांचे पालक, दोघांच्याही मुलाखती घेतल्या.

मुलांचे पाच गट केले. पहिला, चाचणी देऊन खास संगीतशाळेत प्रवेश मिळालेल्यांचा. दुसरा, त्याच शाळेसाठी प्रयत्न करून नाकारलेल्यांचा. तिसरा, पालकांनी चौकशी केली पण अर्ज भरला नाही अशांचा. चौथा, साध्या शाळेत शिकता शिकता वाद्य वाजवणाऱ्यांचा. पाचवा, शिकायला लागून सोडून दिलेल्यांचा.

निष्कर्ष थोडक्यात असे. सगळ्यात पुढे गेलेल्या मुलांचे आईवडील सुरुवातीच्या काळात शिकवणीत आणि सरावात सगळ्यात जास्त गुंतलेले होते. ते स्वतः वादक असतीलच असं नव्हतं, पण मूल शिकायला लागल्यावर त्यांचंही संगीतात लक्ष वाढलं. या मुलांना साधारण अकराव्या वर्षापर्यंत घरचा भरपूर आधार होता, पुढे किशोरवयात ती आपली आपण सराव करू लागली. सोडून दिलेल्यांच्या घरी चित्र उलटं. सुरुवातीला लक्ष कमी, आणि किशोरवयात मात्र घरचा दट्ट्या वाढलेला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थेट फोन हातात घेतला होता. "बाबा, आता बसू नका" असं सांगून मोकळी होणार होते. नशीब, तेवढ्यात लाईट गेली आणि मोबाईलची बॅटरीही संपलेली होती. मग मेणबत्तीच्या उजेडात पद्धतीचा भाग पुन्हा वाचला.

आधी चांगलं काय ते बघू

टीका म्हणजे चुका काढणं नव्हे. आमच्या विभागात जर्नल क्लबला नवीन मुलं येतात ती पहिल्या वाक्यातच "सँपल साइज कमी आहे" म्हणतात. थांबा जरा. लेखकांनी काय साधलं ते आधी सांगता आलं पाहिजे.

या पेपरच्या अकरा वर्षं आधी, १९८५ मध्ये, बेंजामिन ब्लूम यांचं 'डेव्हलपिंग टॅलेंट इन यंग पीपल' आलं. त्यात वेगवेगळ्या क्षेत्रांत शिखरावर पोहोचलेल्या १२० जणांच्या कहाण्या होत्या, पियानोवादकही होते. पुस्तक वाचनीय आहे, पण त्यात फक्त जिंकलेले आहेत. जिंकलेल्या प्रत्येकाची आई शेजारी बसत होती, हे खरं असलं तरी हरलेल्यांची बसत नव्हती हे कुठून कळणार? एमपीएससी पास झालेल्याचं भाषण ऐकून पहाटे चारचा गजर लावणारे आपण सगळे याच खड्ड्यात पडतो. चारला उठून नापास झालेल्याला कोणी मंचावर बोलावत नाही.

डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी नाकारलेल्यांना आणि सोडून दिलेल्यांना बोलावलं. माझ्या मते ही या पेपरची सगळ्यात मोठी कमाई. प्रपोजल लिहिताना स्वतःला विचारा: माझ्या अभ्यासात पाचवा गट आहे का?

पहिली अडचण: आठवण

पण सरावाला कोण बसायचं, किती बसायचं, हे सगळं मागाहून विचारलेलं आहे. मुलाच्या सहाव्या वर्षी काय घडलं, ते त्याच्या सोळाव्या वर्षी. आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?

मी घरात छोटा प्रयोग केला. मी स्वतः पाचव्या गटातली. पेटी शिकत होते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम या परीक्षा दिल्या आणि आठवीत सोडून दिलं. मी आईला आणि बाबांना वेगवेगळं विचारलं, "मी पेटी शिकत होते तेव्हा बाबा माझ्याजवळ बसायचे का?"

बाबा म्हणाले, रोज बसायचो. आई म्हणाली, भजनाला जायच्या दिवशी सोडून, म्हणजे आठवड्यातून तीन-चारदा. माझ्या आठवणीत बाबा फक्त परीक्षेच्या आधी बसायचे, आणि तेव्हा घड्याळ समोर ठेवायचे. एकच घर, एकच पेटी, तीन उत्तरं. पत्र्याच्या पेटीत परीक्षेची प्रमाणपत्रं सापडली, तारखा पक्क्या झाल्या. शेजारी बसण्याचं प्रमाणपत्र मात्र कोणी देत नाही.

यातली खरी भानगड अशी, की आठवणीतली चूक सगळ्या गटांत सारखी असती तर फारसं बिघडत नव्हतं. पण सोडून दिलेल्याला दट्ट्या आठवतो आणि टिकलेल्याला साथ. चूक जर गटागणिक वेगळी असेल, तर जो फरक आपण वागण्यातला समजतो तो आठवण्यातला असू शकतो. लेखकांनी मूल आणि पालक दोघांना विचारलं ही काळजी घेतली, पण एका घरातले दोघं मिळून एकच गोष्ट रचू शकतात. याच प्रकल्पाच्या सरावावरच्या दुसऱ्या पेपरसाठी काही मुलांकडून रोजनिशी लिहून घेतली होती. त्या आकड्यांवर माझा जास्त विश्वास बसतो.

दुसरी अडचण: आधी काय, नंतर काय

आमच्याकडे वाशिम जिल्ह्यात सोयाबीन. पावसाने ओढ दिली, पैसे कमी पडले, की दुसरी फवारणी ज्या पट्ट्यात पीक बरं दिसतं तिथंच होते. हंगामाच्या शेवटी कोणी बाहेरून येऊन मोजलं, तर फवारणीच्या पट्ट्यात उतारा जास्तच दिसेल. तो काय म्हणेल? फवारणीमुळे वाढला.

पोरांचंही असंच असू शकतं. ज्याचा हात तबल्यावर बसतो, त्याच्याजवळ बापाला बसावंसं वाटतं. भावाने पहिल्या वर्षी तीनतालाचा ठेका न चुकता धरला आणि त्यानंतर बाबा दर रविवारी त्याला घेऊन पातूरचा घाट उतरून अकोल्याला क्लासला जाऊ लागले. मजुरीचा दिवस, वर एसटीचं भाडं. माझ्यासाठी ते अकोल्याला गेले नाहीत. मी सोडलं ते त्यामुळे, की माझ्यात रस दिसला नाही म्हणून ते गेले नाहीत? या प्रश्नाचं मी बरीच वर्षं एकच उत्तर देत आले होते. पेपर वाचल्यावर कळलं, की दुसरंही तितकंच शक्य आहे.

किशोरवयातल्या दट्ट्याचंही तेच. दट्ट्यामुळे मूल सोडतं, की मूल सोडायच्या बेतात दिसल्यावर घरचे दट्ट्या लावतात? मुलाखतीतून हे वेगळं करता येत नाही.

यावर एक उपाय म्हणजे एकाच घरातली मुलं तपासणं. २०१४ मध्ये मिरियम मोसिंग आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या दहा हजारांहून जास्त जुळ्यांचा अभ्यास छापला. एकसारख्या जुळ्यांत एकाने जास्त सराव केला आणि दुसऱ्याने कमी, तरी त्यांच्या सांगीतिक क्षमतेत फरक सापडला नाही. दणका मोठा आहे, पण इथंही थांबा. त्यांनी क्षमता मोजली ती सूर, लय, चाल ऐकून फरक ओळखण्याची. कायदा वाजवण्याची नव्हे. कान तयार असणं वेगळं, हात तयार असणं वेगळं. मोजलं काय आणि म्हटलं काय, हे दर वेळी तपासायचं.

तिसरी अडचण: यश ठरवलं कोणी

पहिला आणि दुसरा गट वेगळा झाला तो परीक्षकांच्या निर्णयाने. तो निर्णय किती पक्का? २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय यांनी पियानोच्या स्पर्धांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. आवाज बंद ठेवून नुसतं पाहणाऱ्यांनी खरे विजेते जास्त अचूक ओळखले, नुसतं ऐकणारे मागे पडले. ओळखणाऱ्यांत जाणकार संगीतकारही होते. तिथं शेवटच्या फेरीतले सगळेच तयारीचे, त्यामुळे कानाला कळणारा फरक बारीक असणार, हे मान्य. तरीही "निवड झाली" म्हणजे "वादन सरस" हे समीकरण डोळे मिटून मांडता येत नाही. हे मी आईला सांगितलं, तर तिने त्याच दिवशी भावाचा पांढरा कुर्ता इस्त्रीला टाकला. संशोधनाचा एवढा तत्काळ उपयोग माझ्या गांडुळांचा आजवर झालेला नाही.

चौथी अडचण: पालक म्हणजे कोण

पेपरमधला पालक शिक्षकाकडून टिपणं घेतो आणि घरी सरावावर लक्ष ठेवतो. आपल्याकडे हे चित्र बसतं का? किशोरी आमोणकरांच्या घरी आई मोगूबाई कुर्डीकर हीच गुरू होती. तिथं "शिकवणीत पालकांचा सहभाग" या रकान्यात काय भरणार? भीमसेन जोशी १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गाणं शिकायला घरातून पळाले. वडिलांनी त्यांना जालंधरहून शोधून परत आणलं. पुढे सवाई गंधर्वांकडे त्यांचं शिक्षण झालं. हे वडील कुठल्या गटातले?

सावध राहा, एका भीमसेनांनी २५७ जणांची सरासरी खोटी ठरत नाही. चहाच्या टपरीवर "पण अमक्याचं बघ ना" हे चालतं, जर्नल क्लबमध्ये चालत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ही उदाहरणं निष्कर्ष मोडत नाहीत, मोजपट्टी अपुरी आहे एवढं दाखवतात. तीच प्रश्नावली भाषांतर करून अकोल्याच्या क्लासमध्ये वाटली, तर आकडे येतील, पण ते कशाचे आकडे हे सांगता येणार नाही. परदेशी प्रश्नावली उचलून प्रपोजल लिहिणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

मग बाबांना काय सांगितलं

एक गोष्ट या सगळ्यातून टिकून राहते असं मला वाटतं. ती सरावावरच्या त्याच दुसऱ्या पेपरमधली आहे. तिकडच्या श्रेणी परीक्षा आपल्या प्रारंभिक ते विशारद अशा पायऱ्यांसारख्याच. एक पायरी चढायला सरावाचे तास सगळ्या गटांना जवळपास सारखेच लागले. पुढे गेलेल्यांना कमी तासांत जमलं नाही, त्यांनी तेवढे तास लवकर भरले. सरावाने सगळं होतं असा याचा अर्थ नाही. २०१४ च्या मॅकनमारा आणि सहकाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात संगीतातल्या फरकांपैकी सुमारे २१ टक्केच सरावाने उलगडले. पण तास भरल्याशिवाय पायरी नाही, एवढं नक्की.

बाबांना मी म्हणाले, "बाबा, बसल्याने फायदा होतो का तोटा, हे त्या पेपरवरून सांगता येत नाही. पण घड्याळ समोर ठेवायचं बंद केलं तर नुकसान काही दिसत नाही. त्यालाच विचारा, काय हवंय." पुरावा कच्चा असतो तेव्हा चूक ठरली तरी कमी महाग पडेल अशी वाट धरायची, एवढंच मी करू शकले.

बाबा थोडं गप्प राहिले. मग म्हणाले, "तुया वेळेस घड्याळ ठेवत होतो, नाही का?" म्हणजे तिसरं उत्तर त्यांनाही आठवत होतं. मी "हो" म्हणाले. दोघांनीही विषय तिथंच ठेवला.

त्यांनी भावाला विचारलं. त्याला शेजारी कोणी बसायला नको होतं, लेहरा धरायला माणूस हवं होतं. मोबाईलवरचा लेहरा लय हलू देत नाही, परीक्षेत साथीदार माणूस असणार. "ताईले म्हण, सुट्टीत येशील तं पेटी धर."

माझी बोटं चौदा वर्षांनी पेटीवर पडणार आहेत. तीनतालाचा लेहरा सोळा मात्रांचा, पुन्हा पुन्हा तोच; तेवढा येईल असं वाटतं. निकाल काय लागायचा तो लागेल, एका मुलाचा निकाल हा पुरावा नसतोच.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला असा एक पेपर घ्या ज्याचा निष्कर्ष तुम्हाला मनापासून पटतो. त्याचं बलस्थान एका वाक्यात लिहा. मग तीन प्रश्न विचारा. माहिती कोणाच्या आठवणीतून आली? कारण आणि परिणाम उलटे असू शकतात का? यश कोणी ठरवलं? आवडत्या पेपरला हे प्रश्न विचारणं जड जातं. मला तर या पेपरने माझ्याच एका जुन्या निष्कर्षावर प्रश्नचिन्ह लावायला लावलं.