भगिनी मंडळ आणि बंद रंगमंच

मराठी नाटकाच्या इतिहासात गिरिजाबाई केळकरांच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते. खाडिलकरांनी १९०७ साली ‘बायकांचे बंड’ लिहिले आणि गिरिजाबाईंनी १९१३ साली ‘पुरुषांचे बंड’ लिहून त्याला उत्तर दिले, एवढे सांगून इतिहासकार पुढे जातो. या ‘उत्तर’ शब्दानेच त्यांच्यावर अन्याय केला आहे. उत्तर म्हटले की प्रश्न दुसऱ्याचा ठरतो, आणि नाटकाचे मोलही त्याच्याच मापाने होते.

तो काळ पाहावा. १९१३ सालीच गंधर्व नाटक मंडळी निघाली. स्त्रीने कसे लाजावे, कसे रुसावे, शालू कसा नेसावा, हे घरंदाज स्त्रिया बालगंधर्वांना पाहून शिकत होत्या. आदल्याच वर्षी हिराबाई पेडणेकरांचे ‘संगीत दामिनी’ ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले होते. हिराबाई गायिका, कलावंतिणीच्या घराण्यातल्या, गिरिजाबाई गृहिणी. एकीला गाण्याची मुभा होती, पण मान नव्हता. दुसरीला मान होता, पण रंगमंच बंद होता. दोघींनाही नाटकापर्यंत पोचण्याची वाट एकच उरली होती, ती लेखणीची.

जळगावात गिरिजाबाईंनी भगिनी मंडळ स्थापन केले, त्याचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे. चारचौघींत उभे राहून मोठ्याने बोलणे हीच अभिनयाची पहिली पायरी आहे. महाराष्ट्रातल्या अशा मंडळांतून पुढे बायकांनी मिशा लावून पुरुषपात्रेही रंगवली. त्या खेळांना हौशी म्हणून हसणे सोपे आहे. पण बालगंधर्वांची नक्कल न करता स्वतःच्या आवाजात बोलण्याची सोय तेथेच होती.

मर्यादाही सांगितली पाहिजे. मंडळाचा उंबरठा शिकलेल्या घरांचा होता. त्याच जळगावात बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात गाणी रचीत होत्या. ती पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. वरणगावपासून धुळ्यापर्यंत श्रावणात कानबाईपुढे रात्र जागवणाऱ्या बायकांची गाणीही कोणत्या नाट्येतिहासात शिरली नाहीत. खानदेशात स्त्रियांची कला तुटपुंजी नव्हती. तिच्या दोन धारा एकमेकींना भेटल्या नाहीत, हे खरे दुखणे.

१९२८ साली गिरिजाबाई मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या मानाच्या पहिल्या स्त्री मानकरी. पाच वर्षांनी ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रिया स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. आज जळगावचे विद्यापीठ बहिणाबाईंचे नाव मिरवते. तेथे नाटक करणाऱ्या मुलींनी गिरिजाबाईंचे नाटकही काढून वाचावे. मात्र ते उत्तर म्हणून नव्हे, नाटक म्हणून.