‘कासव’ आणि राजूर घाट

मलकापूरहून बुलढाण्याला येणारी एसटी राजूर घाट चढत होती आणि माझी खात्री पटली की मी आता मरतोय. छाती धडधडत होती, बोटांना मुंग्या आल्या होत्या, श्वास पुरत नव्हता. शेजारच्या काकांनी विचारलं, “कायले घाबरून रायला बाप्पा?” मला उत्तर सापडेना. सापडेना म्हणून आणखी घाबरलो. स्टँड येईपर्यंत सगळं ओसरलंही. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. मग त्यांनी ‘पॅनिक अटॅक’ हा शब्द वापरला.

त्यानंतर काही दिवसांनी सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ मोबाईलवर पाहिला. 2016 सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ याच सिनेमाला मिळालं. ही गोष्ट नैराश्याची आहे, पॅनिकची नाही. तरी काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

मानव (आलोक राजवाडे) जीव द्यायचा प्रयत्न करून हॉस्पिटलमधून पळालेला असतो. स्वतः नैराश्यातून सावरणारी जानकी (इरावती हर्षे) त्याला कोकणातल्या घरी नेते. नाव-गाव विचारत नाही, ‘असं का केलंस’ विचारत नाही. खायला देते, झोपू देते, वाट पाहते. किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचं काम चालू असतं, तेही याच चालीने. अंडं हाताने फोडायचं नसतं, फक्त त्याला धोका पोचू द्यायचा नसतो.

सिनेमाची खरी कमाई ही आहे. पॅनिकमध्ये शरीर धोक्याची घंटा वाजवतं, पण समोर धोका नसतो. अशा वेळी ‘का’ विचारणं म्हणजे नसलेलं कारण शोधायला लावणं. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. तेवढा वेळ कुणी शांतपणे शेजारी बसलं, सावकाश श्वास सोडायची आठवण करून दिली, तर बरंच निभावतं.

माझी तक्रार पुढे सुरू होते. जानकीकडे समुद्रकाठी घर आहे, गाडी आहे, वेळ आहे. सिनेमा औषधांच्या विरोधात मुळीच नाही. त्याचे निर्माते आणि त्यातले दत्ताभाऊ, म्हणजे मोहन आगाशे, स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. पण सिनेमा संपल्यावर मनात राहतो तो समुद्र. उपचार त्या निळाईत विरघळून जातात. दोन खोल्यांच्या घरात, सोयाबीनच्या भावाची चिंता असताना, ही माया कुठून आणायची?

आमच्याकडे अशा माणसाला सैलानीला नेतात. होळीच्या यात्रेत तिथे नारळांची होळी पेटते, मनाने आजारी माणसांना घेऊन दुरून कुटुंबं येतात. माझ्याबद्दलही शेजारच्या मावशी “एकदा जाऊन या” म्हणाल्याच. मला त्यांचा राग आला नाही. थरथरणाऱ्या माणसाला पाहून तिथे कुणी दचकत नाही, हे सैलानीचं बळ आहे, आणि जानकीच्या घराचंही तेच. पण दोन्हीकडे एक धोका आहे. आसरा मिळाला की उपचार मिळाले असं वाटू लागतं. आसऱ्याने घाटातली दहा मिनिटं निघतात. पुढचा अटॅक कधी येईल या भीतीने एसटीत बसणंच सोडलं, तर त्याला समुपदेशन आणि गरज असेल तर औषध लागतं. ते 14416 या ‘टेली मानस’च्या मोफत फोनवरूनही सुरू करता येतं. आणि छातीत पहिल्यांदाच असं झालं, तर आधी हृदय तपासून घ्यायचं. पॅनिकच आहे असं आपणच ठरवायचं नाही.

‘कासव’ मी आईसोबत दुसऱ्यांदा पाहिला. ती सिनेमाबद्दल काही बोलली नाही. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता मी उठून बसलो, तेव्हा तिने दिवा लावला, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि शेजारी बसली. काय झालं, असं विचारलं नाही. सकाळी मात्र विचारलं, “डॉक्टरची तारीख कधी हाय?”

सिनेमात मला जे कमी वाटलं होतं, ते तिने एका वाक्यात भरून काढलं.