कावसजीचे नाक आणि परिचर्येचा कर्ता

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसविले, असा या पत्राचा आशय आहे. पुढे १८१४ मध्ये लंडनच्या कार्प्यू या शल्यविशारदाने हीच पद्धती अवलंबिली. त्यामुळे हे पत्र सामान्यतः शल्यविद्येच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचले जाते. तथापि त्याचा मोठा भाग परिचर्येविषयी आहे, आणि त्या दृष्टीने त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

पत्रातील क्रम असा : पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवितात, चार दिवस दुसरे काहीही लावीत नाहीत, नंतर तुपात भिजविलेली फडकी ठेवतात. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवितात, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घालतात आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाशी जोडलेला त्वचेचा दुवा कापतात. आजही कपाळावरील त्वचेचा असा दुवा बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारास कापला जातो, हे लक्षात घेता निरीक्षकाची नोंद विश्वसनीय ठरते.

परंतु पत्राची भाषा दोन ठिकाणी वाचकास चकविते. काताला तेथे दिलेल्या औषधशास्त्रीय नावाचा अर्थ ‘जपानची माती’ असा होतो. वस्तुतः कात मातीही नव्हे आणि जपानचाही नव्हे. तो खैराच्या गाभ्याचा अर्क होय. मराठी शब्दाबरोबर त्याचा तुरट, आकसविणारा गुणही कळतो. परक्या नावात तो हरवतो. तसेच ‘वीटकाम करणारी जात’ याचे ‘कुंभार’ हे प्रचलित भाषांतर संभाव्य असले, तरी ते भाषांतरच आहे, मूळ नोंद नव्हे.

याहून महत्त्वाची बाब वाक्यरचनेची. शुश्रूषेची वाक्ये कर्मणी आहेत : पट्ट्या लावल्या जातात, फडकी बदलली जातात. कर्ता कोठेच नाही. ‘निजणे’ ही रोग्याची क्रिया. ‘निजविणे’ या प्रयोजक क्रियापदाला मात्र दुसरी व्यक्ती लागतेच. कावसजीला एकच हात उरला होता. उताणे पडून एका हाताने त्याने स्वतःची फडकी बदलली असतील, हे संभवत नाही. म्हणजे त्याच्या उशाशी कोणीतरी होते. वैद्याची निदान जात तरी नोंदली गेली. या व्यक्तीचे तेवढेही उरले नाही.

प्राचीन वैद्यकाची रीत याहून निराळी होती. सुश्रुताने नासासंधानानंतरची चूर्णे, कापूस आणि तिळतेलाचे सिंचन सांगितलेच, शिवाय व्रणित रोग्याच्या निवासाचा स्वतंत्र अध्याय रचून प्रिय बोलणाऱ्या सुहृदांना तेथे स्थान दिले. चरकाने तर परिचारकाला चिकित्सेच्या चार पादांपैकी एक मानून ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे त्याचे गुण मोजले. तेथे परिचारक हा कर्ता आहे.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. नगरच्या रस्त्यावरील शिरूर किंवा सोलापूरच्या लोहमार्गावरील दौंड येथील रोगी पुण्यात अशी शस्त्रक्रिया करवून घरी परततो, तेव्हा परिचर्या रुग्णालयातील परिचारिकेकडून घरच्या माणसांकडे येते. वळविलेली त्वचा फिकी पडली तर रक्त पोहोचत नाही, निळसर झाली तर ते साचते आहे. दोन्ही प्रसंगी विलंब घातक ठरतो. अशा वेळी ‘जखमेवर लक्ष ठेवावे’ या विध्यर्थी वाक्यात लक्ष कोणी, केव्हा व कशावर ठेवावयाचे, हे अध्याहृतच राहते. ‘बाईंनी दर चार तासांनी त्वचेचा रंग पाहावा, निळसर दिसल्यास लगेच कळवावे’ या वाक्यात कर्ता आहे, काळ आहे आणि कृतीही आहे.

कावसजीच्या पत्राचे मोल त्यातील अचूक दिवसगणतीत आहे; त्याची उणीव लुप्त कर्त्यात आहे. शुश्रूषेच्या मराठी सूचना लिहिणाऱ्याने पहिले घ्यावे आणि दुसरे टाळावे.