गिटार : अलंकरण व संग्रहमूल्य

जुन्या ध्वनिक (विजेच्या साहाय्याविना वाजणाऱ्या) गिटारींचे संग्रहमूल्य ठरविताना अलंकरणास मोठे स्थान दिले जाते. कडेची नक्षीपट्टी, ध्वनिछिद्राभोवतीची वलये, पडद्यांच्या पट्टीवरील शिंपल्याचे जडावकाम यांचा नादावर फारसा परिणाम होत नाही; तथापि किमतीत त्यांमुळे मोठी तफावत पडते. ही विसंगती अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या वाद्यांवरून स्पष्ट होते.

क्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन (१७९६–१८७३) हा जर्मन कारागीर १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आला व पुढे पेनसिल्व्हेनिया राज्यातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. कंपनीच्या नामपद्धतीत अक्षर आकार दर्शविते, तर अंक लाकूड व सजावट यांची श्रेणी दर्शवितो. डी-२८ व डी-४५ या दोहोंची पाठ आणि बाजू ब्राझिली शिसवीच्या असत. डी-४५ चे वेगळेपण मुख्यतः ॲबलोनी शिंपल्याच्या जडावात होते. पहिली डी-४५ १९३३ मध्ये गायक-अभिनेता जीन ऑट्री याच्यासाठी घडविली गेली. १९४२ पर्यंत अशा केवळ ९१ गिटारी तयार झाल्या. महागड्या सजावटीमुळे आलेली ही दुर्मिळता त्यांच्या आजच्या प्रचंड किमतीचे प्रमुख कारण होय.

डी-२८ च्या कडेवरील हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी) नक्षी १९४६ च्या सुमारास बंद झाली. वरच्या फळीखालील आधारपट्ट्या कोरून हलक्या करण्याची पद्धत मात्र त्यापूर्वीच, १९४४ च्या अखेरीस, सोडण्यात आली होती. भरदार नादाचे श्रेय बव्हंशी या कोरीव पट्ट्यांना दिले जाते. त्यामुळे मधल्या काळातील गिटारींवर नक्षी आहे, पण आतील रचना निराळी आहे. केवळ नक्षीवरून नादाची पारख करणारा संग्राहक येथे फसतो. १९७६ मध्ये एचडी-२८ या प्रकारात नक्षी व कोरीव पट्ट्या दोन्ही पुन्हा आल्या. म्हणजे नक्षी ही जुनेपणाचीही निर्णायक खूण उरली नाही.

मूळच्या साध्या गिटारीवर मागाहून जडाव केल्यास कारागिरी उत्तम असूनही संग्राहकांच्या दृष्टीने तिचे मूल्य सामान्यतः घटते. यावरून संग्राहक सौंदर्यापेक्षा अस्सलपणास अधिक किंमत देतो, हे दिसून येते. अलंकरण हा वाद्याच्या इतिहासाचा पुरावा आहे, गुणवत्तेचा नव्हे. अनुक्रमांक, लाकूड व आतील बांधणी यांच्याशी तो पडताळून पाहिल्यासच त्यावरून काढलेला निष्कर्ष विश्वसनीय ठरतो.