औषधांच्या जाहिरातींची भाषा : १९५४ च्या अधिनियमाच्या निमित्ताने

औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा अधिनियम हा वैद्यकाचा किंवा दंडनीतीचा विषय समजला जातो. वास्तविक तो भाषेविषयीचा कायदा आहे. औषध कोणी बनवावे व कोणी विकावे हे १९४० च्या अधिनियमाने आणि त्याखालील १९४५ च्या नियमांनी ठरविले. औषधाविषयी काय बोलू नये, हे १९५४ मध्ये सांगितले गेले. त्यातील तिसरे कलम साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. मधुमेह, मोतीबिंदू, कर्करोग अशा अनुसूचीतील रोगांवर अमुक औषध घ्या, असे उघड सांगणे तर तेथे वर्ज्य आहेच. पण तसे सूचित करणारी शब्दयोजनाही वर्ज्य आहे. म्हणजे अभिधेबरोबर व्यंजनेलाही येथे दोषी धरले आहे!

डिसेंबर १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अशा निषिद्ध जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला. मात्र नियमांद्वारे नवे रोग यादीत घालण्याचा मोकळा अधिकार आणि जप्तीचे कलम टिकले नाही. १९६३ मध्ये दुरुस्ती करावी लागली.

तथापि या अधिनियमाचे खरे वैगुण्य निराळे आहे. जादूच्या उपायांची व्याख्या करताना त्याच्या इंग्रजी संहितेलाही ‘मंत्र’ आणि ‘कवच’ हे शब्द तसेच ठेवावे लागले. भूल देशी भाषेत पडते, एवढे कायदेकारांना उमगले होते. रोगांच्या अनुसूचीत मात्र ही जाण दिसत नाही. तेथील ५४ नावे वैद्यकाच्या इंग्रजीतील आहेत. मराठी माणूस ‘मधुमेह’ क्वचितच म्हणतो, तो ‘साखर’ म्हणतो, आणि जाहिरातदारही नेमके तेच म्हणतो. ‘साखर मुळापासून’ या दोन शब्दांत क्रियापद नाही, रोगाचे नाव नाही, औषध घ्या अशी आज्ञाही नाही. व्यंजना मात्र पूर्ण आहे, आणि तिच्यावर विसंबून इन्शुलिन सोडणाऱ्याच्या जिवाला धोका आहे.

याउलट रुग्णाच्या हिताचे जे काही लिहिले जाते, ते त्याच्या भाषेत नसते. पवईत आयआयटीच्या भिंतीलगत चैतन्यनगर आहे. तेथल्या एखाद्या रहिवाशाच्या हाती येणारी डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत असते. औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये ठरविले. पण ‘मोठी अक्षरे’ म्हणजे रोमन लिपीतील मोठी अक्षरे. वेष्टनावरील धोक्याची सूचनाही बहुधा इंग्रजीतच. कांजूरमार्गला उतरेपर्यंत लोकलच्या डब्यात चिकटविलेली पत्रके मात्र त्याच्याशी सोप्या मराठी-हिंदीत, घरच्या माणसाच्या आपुलकीने बोलतात. इशारा परभाषेत आणि आमंत्रण स्वभाषेत, ही विभागणी कोणी हेतुपुरस्सर केलेली नाही. पण तिचा लाभ कोणाला होतो हे उघड आहे.

प्रतिजैविकांच्या पट्टीवरील उभ्या लाल रेघेचा अर्थ लोकांना समजावा म्हणून २०१६ मध्ये शासनाने मोहीम काढली. अक्षरे न वाचणाऱ्यालाही कळावी अशी ही खूण, कल्पना म्हणून उत्तम आहे. परंतु दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कापून देतो, तेव्हा रेघेचा अर्थ सांगणारा मजकूर कित्येकदा उरलेल्या तुकड्याबरोबर दुकानातच राहतो.