ताइको : नाद आणि नेपथ्य

जपानी ताइकोवादन प्रत्यक्ष ऐकणे आणि ते ध्वनिमुद्रिकेवर ऐकणे यांतील फरक केवळ कमीअधिक आवाजाचा नाही. हे दोन अनुभव जातीनेच निराळे आहेत. ओदाइको या थोरल्या ढोलावर पहिला आघात होतो, तेव्हा तो कानाआधी छातीला कळतो. दिल्लीत एका दौऱ्यावरील जपानी पथकाचा कार्यक्रम ऐकण्याचा योग नुकताच आला. त्या निमित्ताने या कलेविषयी जे वाटले, ते येथे मांडावयाचे आहे.

तबला-पखवाजावर पोसलेला आपला कान तेथे प्रथम सम शोधू लागतो. मध्यंतरात आमच्याच मंडळींपैकी एका जाणकार गृहस्थांनी, "यात लयकारी कोठे आहे?" असा प्रश्न केला. प्रश्न खरा असला तरी तो भलत्याच दारावर ठोठावलेला होता. ताइकोलाही बोल आहेत. कातड्याच्या मध्यावर 'दोन्', काठावर 'का'. शिष्य हे बोल आधी तोंडाने म्हणतो आणि मग हाताने वाजवितो. ही आपल्या पढंतीचीच दूरची बहीण. परंतु बोलांचा विस्तार करीत जाणे हे तेथील वादकाचे ध्येय नव्हे. त्याचे लक्ष दोन आघातांमधील रिकाम्या जागेवर असते. तिला जपानी लोक 'मा' म्हणतात. आपली खाली ही तालात मोजलेली जागा आहे. मा ही श्वासासारखी धरून ठेवलेली जागा आहे. टिपरू डोक्यावर उंच जाते, हात पूर्ण ताणला जातो, पथकातील सर्वांची अंगे एकाच क्षणी थबकतात, आणि ती निःशब्दता आपणांस चक्क दिसते. म्हणूनच या वादनातील अंगविक्षेपांस अभिनय म्हणणे योग्य होणार नाही. ते संगीताचेच अंग आहे, व ध्वनिमुद्रिकेत नेमके तेच हरवते.

त्या दिवशीचा सर्वांत सरस भाग चिचिबूच्या उत्सवावरून बेतलेला होता. तोक्योच्या वायव्येस चिचिबू गाव आहे. तेथे डिसेंबरच्या 2 आणि 3 तारखांना रात्रीचा रथोत्सव भरतो, आणि रथ ओढणाऱ्यांस चेव यावा म्हणून ढोल वाजतो. तो वाजविणारे मात्र रथाच्या पोटात, अडचणीच्या जागेत, लोकांच्या दृष्टीआड बसलेले असतात. रंगमंचावर हेच वादन वादक ढोलापुढे जमिनीवर बसून, पाठ मागे झुकवून, पोटाच्या स्नायूंवर सारा भार तोलून करतात. जे गावात अदृश्य होते तेच येथे बघण्याचा विषय झाले. यात चिचिबूचे काही हरवले, हे उघड आहे. ओढावयाचा रथच नसल्यावर तो चेव कोणासाठी? तथापि त्या ताणलेल्या देहांतून निघणारी लय इतकी सच्ची होती की हा सौदा तोट्याचा झाला असे मला वाटत नाही.

मला खटकले ते निराळेच. निवेदनात व पुस्तिकेत 'हजारो वर्षांची परंपरा' हे शब्द वारंवार येत होते. आमचा जन्म कारकुनीत गेल्याने कोणत्याही फायलीवर पहिली नोंद कोणत्या तारखेची आहे हे पाहण्याची खोड जडलेली आहे. ढोल जुना आहे, यात शंका नाही; जपानात सहाव्या शतकातील मातीच्या पुतळ्यांतही ढोलवादक सापडला आहे. पण लहानमोठे अनेक ढोल एकत्र मांडून पथकाने वाजविण्याची ही रंगमंचीय पद्धत 1951 सालची. नागानो प्रांतातील ओगुची दाइहाची या जॅझच्या ड्रमवादकाने, एका देवस्थानाच्या जुन्या ढोलवादनाची रचना हाती आल्यावर, ती एकाच ढोलावर का वाजवावी असा विचार केला आणि जॅझमधील ड्रमांच्या मांडणीसारखी तिची विभागणी केली. 1964च्या तोक्यो ऑलिंपिकने या नव्या प्रकारास प्रसिद्धी मिळवून दिली. 1969 साली सादो बेटावर 'ओन्देकोझा' उभे राहिले. ती मंडळी मैलोगणती धावत आणि मग वाजवीत. त्यांच्यातूनच निघालेल्या 'कोदो'ने 1981 साली बर्लिनमध्ये पहिला कार्यक्रम केला. तेव्हा ही कला वयाने तरुण आहे. त्यात उणेपणा तो कसला? ओगुचीचे धाडस सांगितले असते तर श्रोत्यांचा आदर वाढलाच असता. मग तिला पांढरी दाढी कशाला चिकटवावयाची?

आणि या कलेत जे खरोखरीच जुने आहे, ते पडद्यामागेच राहते. केयाकी वृक्षाचे खोड कोरून, वर्षानुवर्षे वाळवून, त्यावर गाईबैलांचे कातडे ताणून लोखंडी चुकांनी ठोकण्याचे काम शतकानुशतके चालत आले आहे. मेलेल्या जनावराच्या स्पर्शाने विटाळ होतो, ही समजूत तेथेही होती. त्यामुळे कातडे कमावणारे आणि ढोल मढविणारे जपानी समाजात वाळीत टाकले गेले. 1871च्या फर्मानाने तो दर्जा कायद्यातून गेला. लग्नाच्या व नोकरीच्या वेळी होणारी चौकशी त्यानंतरही राहिली. देवळात वाजणारा ढोल पवित्र आणि तो घडविणारा हात अपवित्र, ही गोष्ट हलगी ऐकत वाढलेल्या मराठी माणसास समजावून सांगावी लागू नये. मातंगाची हलगी मिरवणुकीच्या पुढे असते. त्याचे घर कोठे असे, हे आपणांस ठाऊक आहे.

ओसाकाच्या नानिवा भागात ढोल घडविणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी घडविलेले ढोल जगभर वाजतात आणि आपण मात्र ते वाजवीत नाही, या जाणिवेने तेथील तरुणांनी 1987 साली स्वतःचे पथक काढले. नाव ठेवले 'इकारी', म्हणजे संताप. आम्हांस मिळालेल्या गुळगुळीत पुस्तिकेत प्रकाशयोजना करणाऱ्याचे नाव होते, वेशभूषेचेही होते. ढोल कोणी मढविले, याची एक ओळही त्यात नव्हती.